वाटाण्याच्या अक्षता

माझा पुतण्या गेल्या हिवाळ्यात नागपूरला जाऊन दोन दिवसांत ‘माइंडफुल फोटोग्राफी’ शिकून आला. फी किती, हे मी विचारलं नाही. ती माझ्याच खात्यातून गेली होती, आणि आपल्या खात्यातून गेलेला आकडा विसरणारा बँक-कारकून अजून जन्माला यायचा आहे. परत आल्यावर त्याने आम्हां सगळ्यांना भंडाऱ्याच्या घरी ओसरीवर बसवलं आणि शिकवणीचं सार सांगितलं. फोटो काढण्याआधी एक दीर्घ श्वास घ्यायचा. समोर जे आहे त्याच्याकडे शांतपणे पाहायचं. हा फोटो मी का काढतोय, असं स्वतःला विचारायचं. उत्तर आलं तरच बटण दाबायचं.

माझी आई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, “अन् उत्तर नाही आलं त?”

“तर फोटो नाही काढायचा, आजी.”

“मंग पैसे कायचे घेतले बाप्पा त्यायनं?”

या प्रश्नाचं उत्तर दोन दिवसांच्या अभ्यासक्रमात नसावं. पुतण्याने दीर्घ श्वास घेतला आणि आईचा तांदूळ निवडतानाचा फोटो काढला. एक नव्हे, चौदा. कोणता ठेवायचा ते मागाहून शांतपणे ठरवणार होता म्हणे.

आता मी पडलो बी.कॉम. माणूस. कॉलेजात मला इतिहास नव्हता, नफा-तोटा होता. पण इतकी वर्षं खातेवह्यांत आणि आता त्या कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घातल्यामुळे एक खोड जडली आहे. कोणतीही गोष्ट समोर आली, की तिची ‘मागील बाकी’ पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. मन लावून फोटो काढणं ही जर आज विकत शिकायची गोष्ट झाली असेल, तर ती कधीतरी फुकट मिळत असणार. मग ती जमा कुठे होती आणि खर्ची कधी पडली? रविवारची दुपार होती, वीज गेली होती, आणि सौ. माहेरी गेली होती. संशोधनाला याहून अनुकूल परिस्थिती मोठमोठ्या विद्यापीठांतही नसते.

फोटोग्राफीचं खातं उघडलं ते १८३९ साली, पॅरिसमध्ये. डॅगेर नावाच्या गृहस्थाची चांदीच्या पत्र्यावर चित्र उमटवण्याची युक्ती त्या वर्षी जगजाहीर झाली. त्याच्या आदल्या वर्षी याच डॅगेरने आपल्या खिडकीतून एका रस्त्याचा फोटो काढला होता. रस्ता चांगला वाहता होता. घोडागाड्या होत्या, माणसं होती. पण पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात जो हलला तो पुसला गेला. सगळा रस्ता ओस पडलेला दिसतो. दिसतात ती कोपऱ्यातली दोन माणसं, एक बूट पॉलिश करून घेणारा आणि एक करणारा. बाकीचे घाईत होते, म्हणून इतिहासात आले नाहीत. फोटोत पहिल्यांदा सापडलेल्या या माणसाचं कर्तृत्व एवढंच, की तो एका जागी उभा राहिला.

पुढे माणसांचे फोटो काढू लागले तेव्हा लोकांना जागी उभं ठेवणं हाच मोठा उद्योग झाला. स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या मानेमागे लोखंडी चिमटा बसवत, डोकं हलू नये म्हणून. तुमच्या-आमच्या पणजोबांचे जे करारी, उग्र फोटो भिंतीवर असतात, त्यांतला निम्मा करारीपणा असाच कुठूनतरी आलेला असणार. बिचारे रागावलेले नसत, अडकलेले असत.

आपल्याकडे हे वेड यायला फार वेळ लागला नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि तिच्या कारभारात डॉ. नारायण दाजी होते. म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाडांचे धाकटे बंधू. स्वतः डॉक्टर, आणि वर फोटोग्राफर. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले फोटोग्राफर झाले. म्हणजे नागपूरच्या त्या दोन दिवसांच्या वर्गाला पावणेदोनशे वर्षांची परंपरा आहे, हे पुतण्याला सांगायला हरकत नाही.

पण त्या वर्गात श्वास घ्यायला शिकवण्याची गरज नव्हती. तेव्हाची रीतच अशी होती की श्वास आपोआप रोखला जाई. काचेची पाटी घ्यायची, तिच्यावर कलोडियन नावाचं चिकट द्रव्य ओतायचं, मग ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. सगळा मामला दहा-पंधरा मिनिटांचा. पाटी वाळली की चित्र गेलं. हे इंग्लंडात ठीक होतं, तिथे काहीच वाळत नाही. आमच्या भंडाऱ्यात मे महिन्यात घामसुद्धा कपाळावरून गालापर्यंत यायच्या आत वाळतो, तिथे फोटोग्राफराची काय अवस्था होत असेल! तंबू, काचा, बाटल्या, पाण्याची घागर आणि हे सगळं वाहायला बैलगाडी. एवढं लटांबर घेऊन माणूस एखाद्या देवळासमोर उभा राहिला, की तो त्या देवळाकडे आधी तासभर पाहणारच. ऊन कुठून कुठे सरकतंय, सावली कधी खांबावरून उतरेल, पुजारी मध्येच घंटा वाजवायला येईल का, सगळं पाहणार. दहा वेळा विचार करून एकदा फोटो काढणं हा त्या काळी सद्गुण नव्हता, नाइलाज होता.

नाइलाजाने आलेल्या सद्गुणाचं आयुष्य किती, ते आम्हां कारकुनांना विचारा. लेजर हाताने लिहायचं होतं तेव्हा आमची अक्षरं मोत्यांसारखी होती. असो.

१८८८ साली अमेरिकेत ईस्टमनने कोडॅक कॅमेरा काढला. त्यात शंभर फोटोंचा रोल भरलेलाच यायचा. ते संपले की कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. तिथे फोटो धुऊन, नवा रोल घालून परत. गिऱ्हाइकाने फक्त बटण दाबायचं. इथून नाइलाज कमी व्हायला लागला. तरी आपल्याकडे तो बराच पुरला. आग्फाच्या क्लिक कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत. पुढे हॉट शॉट आला, छत्तीस फोटोंचे रोल आले, पण छत्तीस म्हणजे आमच्या घरात तीन वर्षांची बेगमी. एकाच रोलवर थोरल्या काकांची साठी, माझी मुंज, गोसेखुर्दच्या धरणावरची सहल आणि शेवटी ‘रोल संपवायचा म्हणून’ आमची म्हैस. त्या म्हशीचा फोटो सगळ्यांत छान आला आहे. कारण तोवर वडिलांचा हात बसला होता, आणि म्हैस ही हलत नाही.

पण मला शोधायचा होता तो निराळाच माणूस. ज्याच्यापाशी भराभर चित्रं घेणारं यंत्र आहे, नुसती मूठ फिरवली की सेकंदाला सोळा फोटो निघतात, आणि तरी जो आपण होऊन थांबतो, असा. वहीचं पान उलटता उलटता तो सापडला, आणि चकित झालो ते तो ओळखीचाच निघाला म्हणून. धुंडिराज गोविंद फाळके.

दादासाहेब फाळके म्हटलं की आपल्याला एकदम ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो, ३ मे १९१३, कोरोनेशन थिएटर. पण मी त्या माणसाकडे कर्ज विभागातल्या कारकुनाच्या नजरेने पाहिलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. अर्जदाराची माहिती पाहा. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. शिक्षण, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन. उद्योग, गोध्र्याला फोटो स्टुडिओ. प्लेगात पहिली बायको आणि मूल गेलं, स्टुडिओ सुटला. मग बडोद्यात पुन्हा फोटोचा धंदा. तो चालेना, कारण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी करतो, असा समज गावात पसरला होता, असं सांगतात. मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफर. सरकारी नोकरी! तीही सोडली. मग छापखाना, भागीदारीत. भागीदारांशी बिनसलं, तोही सोडला. १९११ साली गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि डोक्यात एकच खूळ, राम-कृष्ण असे पडद्यावर दिसले पाहिजेत. त्यानंतर रोज चार-चार तास सिनेमे पाहून डोळे इतके बिघडले, की काही काळ दिसेनासं झालं. १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आला. त्या प्रवासासाठी बारा हजारांच्या विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून दहा हजार उभे केले.

वय बेचाळीस. नोकरी नाही. धंदा नाही. डोळे अधू. विमा आधीच गहाण. आणि अर्ज कशासाठी? तर देशात आजवर कोणी उभा केला नाही असा उद्योग. कोटेशन नाही, जामीनदार नाही, तीन वर्षांचे ताळेबंद नाहीत. हा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी काय केलं असतं, हे सांगायची गरज नाही. मराठीत त्याला फार सुंदर शब्दप्रयोग आहे. वाटाण्याच्या अक्षता.

आणि इथेच हा माणूस मला भारी पडला. त्याने पैसेवाल्यांसमोर नेला तो वाटाणाच.

एका कुंडीत वाटाणे पेरले. कुंडीसमोर कॅमेरा रोवला. मूठ भराभर फिरवायची सोडून एका वेळी एकेक चित्र घेतलं. महिनाभर. मग ती फिल्म पडद्यावर चालवली, तर बी फुटतंय, अंकुर वर येतोय, पानं उलगडताहेत, वेल चढतेय, सगळं पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. ‘अंकुराची वाढ’ असं त्या फिल्मचं नाव. ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी पैसे देऊ केले. फोटो जोडलेला कर्जाचा अर्ज इतका प्रामाणिकपणे मंजूर झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडे जोडतात ते म्हशीचे फोटो, आणि कित्येकदा एकच म्हैस चार अर्जांवर असते.

आता या गोष्टीत एक ताळा जुळत नाही, आणि ताळा जुळत नसला की मला जेवण जात नाही. गोष्ट अशी सांगतात, की फाळके रोज एक चित्र घेत, महिनाभर. आणि फिल्म झाली मिनिटभराची. मी पाठकोऱ्या कागदावर मांडणी केली. रोज एक, म्हणजे महिन्याची तीस चित्रं. सेकंदाला सोळाच्या हिशेबाने ती दोन सेकंदांतच संपली! नाडकर्णींनी डोळे चोळेपर्यंत वाटाण्याचा वेल होऊन गेला असता, आणि त्यांनी दिला असता तो फार तर चहा. मिनिटभराची फिल्म व्हायची तर नऊशे साठ चित्रं लागतील. महिन्याने भागा. रोजची बत्तीस. दिवसउजेडाचे बारा तास धरले, तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक.

म्हणजे दोन्हींपैकी काहीतरी एक खोटं आहे, किंवा दोन्ही थोडं थोडं. माझ्यापुरता मी निकाल दिला आहे: ‘रोज एक’ हे सांगणाऱ्यांनी सोपं करून घेतलं असणार. कारण दिवसातून एकदा कॅमेऱ्यापाशी जाणं फार अवघड नाही, लोक देवापाशीही जातात. पण दर वीस-बावीस मिनिटांनी उठायचं, तीही मूठ जरा धक्क्याने फिरवली तर आधीचे आठ दिवस मातीत, ही काय चीज आहे! घरात बायको, पोरंबाळं. कुंडी कोणी हलवायची नाही. कॅमेऱ्याला कोणी टेकायचं नाही. केर काढायचा तो कुंडी वळसा घालून.

इथे सरस्वतीबाईंचं नाव घेतल्याशिवाय पुढे गेलो तर सौ. मला घरात घेणार नाही, आणि तिचं बरोबर असेल. फाळक्यांची ही दुसरी बायको. फिल्मच्या कडेला भोकं पाडायला ती शिकली, रसायनं कालवायला शिकली, फिल्म धुवायला शिकली. दिवसा शूटिंगच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक आणि रात्री अंधारात फिल्मला भोकं. दागिनेही गेले. त्या दोघांच्या घरात एकही चित्र फुकट नव्हतं, प्रत्येकाला कुठल्यातरी बांगडीचा तुकडा लागलेला होता.

पण मला त्या वाटाण्याच्या फिल्ममध्ये सगळ्यांत काय आवडतं सांगू? पहिले काही दिवस. वाटाणा पेरल्याबरोबर उगवत नाही. म्हणजे पहिले काही दिवस समोर कुंडी आणि कुंडीत माती. काही दिसत नाही. आणि हा मनुष्य दीर्घ श्वास घेऊन म्हणा किंवा सुस्कारा टाकून म्हणा, त्या मातीचे फोटो काढतोय. आज माती. दुपारी माती. उद्या सकाळी, माती. आणि नंतर अंकुर आला तरी काय, त्यातला कुठलाही एक फोटो सुटा काढून पाहिला तर त्यात पाहण्यासारखं काही नाही. कालच्याहून तसूभर निराळं रोपटं. बँकेच्या भाषेत ही शुद्ध आवर्त ठेव आहे, ज्याला हल्ली सगळे आर.डी. म्हणतात. कुठल्याही एका हप्त्यात काही राम नसतो. मजा मुदत भरल्यावर. फरक एवढाच, की आमच्याकडे व्याजाचा दर आधी सांगतात, आणि फाळक्यांना तो कोणीच सांगितलेला नव्हता. वाटाणा कुजला असता तर?

फाळके पुरातत्त्व खात्यात होते, असं वर म्हटलं. त्या खात्यातली फोटो काढण्याची रीत मला पवनीमुळे ठाऊक झाली. पवनी हे आमच्याच जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या काठचं गाव. गावाला तट आहे, दरवाजा आहे, आणि पाहुणे आले की त्यांना दाखवायला न्यायची जागा म्हणून ते आम्हां भंडारेकरांना पूर्वीपासून उपयोगी पडत आलं आहे. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली पुरातत्त्व खात्याने आणि नागपूर विद्यापीठाने मिळून उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे कर्तेधर्ते. टेकडीच्या पोटातून निघाला तो दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप, त्याचे दगडी कठडे, त्यांवर दान देणाऱ्यांची नावं. दान देणाऱ्यांची नावं दगडावर कोरायची पद्धत तेव्हापासूनची आहे, हे पाहून मला फार धीर आला.

उत्खनन म्हणजे काय, तर पुस्तक वाचता वाचता पान फाडून टाकायचं. खालचा थर पाहायचा तर वरचा काढायलाच हवा, आणि काढलेली माती पुन्हा तशी रचता येत नाही. म्हणून थर काढण्यापूर्वी त्याचा फोटो घ्यायचा. तो कसा? आधी खड्डा बारीक ब्रशने झाडायचा. कडा सरळ तासायच्या. पावलांचे ठसे पुसायचे. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी रंगवलेली पट्टी ठेवायची, उत्तर दिशेचा बाण ठेवायचा, खड्ड्याचा नंबर लिहायचा. सावली आडवी पडेपर्यंत थांबायचं. कोणाची सावली चौकटीत येत नाही ना, पाहायचं. मग फोटो. त्यानंतर मजुरांना हाक. तासाभराने तो फोटो हीच त्या जागेची उरलेली एकमेव साक्ष असते. आता दर रविवारी त्याच पवनीत दरवाजासमोर पोरं पाठ करून उभी राहतात आणि दोन बोटं वर करून स्वतःचाच फोटो घेतात. माझी तक्रार नाही. पाच हजार वर्षांनी कोणी उकरलं तर दोन बोटं हे मापाला उपयोगी पडतील.

पण उत्खननाच्या रीतीने माणसांचे फोटो काढणारा एकजण मी स्वतः पाहिला, म्हणून हे सगळं लिहायला बसलो.

२०१४ साली ऑगस्टच्या शेवटी जनधन योजना निघाली तेव्हा मी लाखांदूर तालुक्यातल्या एका शाखेत होतो. खातं उघडायला गावंच्या गावं लोटली. फॉर्मवर फोटो हवा. कित्येक म्हाताऱ्यांनी जन्मात फोटो काढला नव्हता. त्यांना आम्ही रस्त्यापलीकडच्या स्टुडिओत पिटाळत असू. तिथला मालक पन्नाशीचा, रोल धुण्याच्या जमान्यातला. कॅमेरा नवा होता, कॉम्प्युटर होता, पण माणूस जुनाच. खिळ्यावर एक काळा कोट, सगळ्या मापांचा, मागून टाचण्या मारून बसवायचा. एक आरसा, एक कंगवा, एक पावडरचा डबा. त्याच बाजारात दुसरा एक पोरगा मोबाईलवर पाच सेकंदांत फोटो काढून देई. पण याच्याकडे एकेका बाईला पाच-पाच मिनिटं. रांग कुरकुरे. आमचे साहेब तर खिडकीतून हातवारे करत.

तो काय करायचा, ते मी एकदा आत जाऊन पाहिलं. म्हातारी स्टुलावर बसे ती पंचांसमोर बसल्यासारखी, मूठ आवळून. हा कॅमेऱ्यामागे न जाता कोपऱ्यात काहीतरी शोधल्यासारखं करी आणि तिकडूनच विचारी, “रोवणी आटोपली का, माय?”

“आटोपली.”

“किती बांध्या?”

बाई मनातल्या मनात बांध्या मोजू लागे. मोजताना माणसाचा चेहरा मोकळा होतो, हे मला कॅशियर असून ठाऊक नव्हतं. तेवढ्यात हा एकदाच बटण दाबी. एकदाच. दुसरा काढत नसे. मी विचारलं, “खर्च तर काही नाही, दोन-तीन का घेत नाही?” तो म्हणाला, “दुसरा काडाचा हाये म्हटलं का पयल्यात हात ढिला पडते, सायेब.”

सात वर्षांनी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, एक तिशीतला मुलगा काउंटरवर आला. आईचं पासबुक पुढे करून म्हणाला, “हा फोटो मोठा करून भेटन का?” पासबुकावरच्या फोटोवर आमच्या बँकेचा गोल शिक्का बसलेला, एक डोळा आणि अर्धा गाल शाईखाली. मी म्हटलं, मोबाईलमध्ये असतील ना? त्याने दाखवले. पुष्कळ होते. वाढदिवसाच्या केकमागे आईचा अर्धा चेहरा. नातवाला धरलेला आईचा हात. लग्नाच्या पंगतीत वाढणारी पाठमोरी आई. एका फोटोत ती पूर्ण होती, पण हलली होती. ती घाईत असायची, पॅरिसच्या त्या रस्त्यासारखी.

पडद्यावर खातं उघडल्याची तारीख काढली, एका चिठ्ठीवर लिहिली, आणि जेवणाच्या सुट्टीत मीही त्याच्याबरोबर रस्ता ओलांडला. स्टुडिओवाला आता जरा वाकला होता. तारीख पाहून त्याने कॉम्प्युटरवर त्या दिवसाचा कप्पा उघडला. चाळीस-पंचेचाळीस चेहरे, सगळे कसला ना कसला हिशेब करताना. मुलाने एकावर बोट ठेवलं.

चेहरा पडद्यावर मोठा झाला. स्टुडिओवाल्याने सवयीने विचारलं, “मागं काय टाकू? स्वित्झर्लंड हाये, शेगावचं मंदिर हाये, गुलाबाचा ताटवा हाये.”

मुलगा बराच वेळ पाहत राहिला. “काई नोका टाकू,” तो म्हणाला. “माय बांधीतून तशीच आलती. पायाले चिखल व्हता तिच्या.”

फोटोत पाय नव्हते. मी तसं म्हणणार होतो, तेवढ्यात स्टुडिओवाला म्हणाला, “हो. फरशी मीच पुसलती मंग.” आणि त्याने बारा बाय पंधराचा कागद प्रिंटरमध्ये सरकवला.